दिल्ली विद्यापीठ फोटोकॉपी खटला

दिल्ली विद्यापीठ फोटोकॉपी खटला हा भारतातील प्रताधिकार कायदा आणि उच्च शिक्षण यांच्या परस्परसंबंधांविषयीचा एक महत्त्वाचा दिवाणी खटला आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी तो ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केला. रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे छायाप्रतींचे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ हे मूळ प्रतिवादी होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या पुस्तकांतील निवडक प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरतो काय, हा या खटल्यातील मुख्य प्रश्न होता. अध्यापनाच्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्या मजकुराच्या प्रती काढण्यास प्रकाशकाची परवानगी किंवा शुल्क लागत नाही, असा निर्वाळा उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. प्रकाशकांनी मार्च २०१७ मध्ये खटला मागे घेतला.

पार्श्वभूमी

भारतीय विद्यापीठांतील सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या या शाखांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सहसा एकच एक क्रमिक पुस्तक नसते. एका विषयपत्रिकेसाठी अनेक ग्रंथांतील एखादे-दुसरे प्रकरण किंवा नियतकालिकांतील लेख वाचनासाठी नेमलेले असतात. यांतील बरेच ग्रंथ परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांचे असतात. त्यांची किंमत मूळ देशातील ग्रंथालये व वाचक यांचा विचार करून ठरलेली असते आणि स्वस्त भारतीय आवृत्ती प्रत्येक ग्रंथाची निघत नाही. एका प्रकरणासाठी संपूर्ण ग्रंथ विकत घेणे, आणि असे अनेक ग्रंथ दर सत्रात घेणे, बहुसंख्य विद्यार्थ्यांना परवडत नाही. ग्रंथालयात अशा ग्रंथाच्या मोजक्याच प्रती असतात आणि संपूर्ण वर्गाला त्या एकाच वेळी हव्या असतात.

या अडचणीतून ‘कोर्स पॅक’ची पद्धत रूढ झाली. विषयपत्रिकेसाठी नेमलेली प्रकरणे व लेख क्रमाने लावून त्यांच्या छायाप्रतींचा एक बांधीव संच तयार केला जातो, त्याला कोर्स पॅक म्हणतात. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरातील दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेसचे दुकान होते. विद्यापीठाने करार करून दुकानाला ही जागा दिली होती. प्राध्यापकांनी दिलेल्या वाचनसूचीनुसार आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पुस्तकांवरून तेथे कोर्स पॅक तयार होत. छायाप्रतीचा दर दर पानास ४० पैसे होता. म्हणजे विद्यार्थी छपाई व बांधणीचा खर्च देत असे. मजकुराची वेगळी किंमत त्यात धरलेली नव्हती. हाच मुद्दा पुढे वादाचे मूळ ठरला.

खटल्याची सुरुवात

ऑक्सफर्ड विद्यापीठ हे पहिले वादी असल्यामुळे न्यायालयीन अहवालांत हा खटला त्या विद्यापीठाच्या अधिकृत नावाने ओळखला जातो. भारतीय उपकंपन्या धरून एकूण पाच वादी होते. त्यांनी कोर्स पॅकच्या निर्मितीस कायमची मनाई आणि सुमारे ६० लाख रुपयांची नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये प्रतिवादींची बाजू ऐकण्यापूर्वीच एक आयुक्त नेमला आणि दुकानाची पाहणी करून तेथील प्रतींची यादी करण्याचा व त्या जप्त करण्याचा आदेश दिला. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतरिम मनाई हुकूम निघाला आणि वादींच्या प्रकाशनांतील मजकूर असलेले कोर्स पॅक तयार करणे व विकणे दुकानाला बंद करावे लागले.

या घडामोडींनंतर विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन ऑफ स्टुडंट्स फॉर इक्विटेबल ॲक्सेस टू नॉलेज’ ही संघटना स्थापन केली. प्राध्यापक व अभ्यासकांनी ‘सोसायटी फॉर प्रमोशन ऑफ एज्युकेशनल ॲक्सेस अँड नॉलेज’ या संस्थेद्वारे न्यायालयात धाव घेतली. प्रताधिकार कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांचा त्यात पुढाकार होता. या दोन्ही संघटनांना न्यायालयाने प्रतिवादी म्हणून दाखल करून घेतले. परिणामी, दुकान व प्रकाशक यांच्यातील हा तंटा शिक्षणाच्या उपलब्धतेविषयीचा व्यापक वाद बनला.

ज्यांच्या लेखनाच्या संरक्षणासाठी खटला भरल्याचे सांगितले जात होते, त्यांतील काही लेखकही खटल्याच्या विरोधात गेले. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांची अनेक पुस्तके ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केली आहेत. त्यांनी २०१२ मध्ये या प्रकाशनसंस्थेला पत्र लिहून या कारवाईबद्दल खेद व्यक्त केला. २०१३ मध्ये ३००हून अधिक लेखक व अध्यापकांनी खटला मागे घेण्याचे आवाहन करणारे खुले पत्र प्रकाशकांना पाठवले. वादग्रस्त कोर्स पॅकमध्ये ज्यांचे लेखन समाविष्ट होते, असे काही लेखकही त्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांत होते.

कायदेशीर तरतुदी

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या प्रती काढण्याचा अनन्य अधिकार प्रताधिकारधारकाला असतो. कलम ५२ मध्ये या अधिकाराचे अपवाद दिले आहेत. प्रस्तुत खटल्यात त्यांपैकी पुढील तरतुदी महत्त्वाच्या होत्या :

• कलम ५२(१)(अ) : संशोधनासह खासगी वापर, टीका, परीक्षण इत्यादींसाठी केलेला न्याय्य वापर.

• कलम ५२(१)(एच) : शैक्षणिक वापरासाठी प्रसिद्ध केलेल्या संकलनात प्रताधिकार असलेले छोटे उतारे घेण्याची मुभा. मात्र एका प्रकाशकाला पाच वर्षांच्या कालावधीत एकाच लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे घेता येत नाहीत.

• कलम ५२(१)(आय) : शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन, तसेच प्रश्नपत्रिका व उत्तरे यांतील वापर. या तरतुदीत पानांची किंवा टक्केवारीची मर्यादा दिलेली नाही.

युक्तिवाद

प्रकाशकांच्या मते कोर्स पॅक हे पुस्तकांची जागा घेणारे संकलन होते. त्यामुळे त्याला दोन उताऱ्यांच्या मर्यादेची तरतूद लागू व्हायला हवी होती. कलम ५२(१)(आय) मधील अपवाद वर्गातील प्रत्यक्ष अध्यापनापुरता आणि एक शिक्षक व एक विद्यार्थी यांच्यातील देवघेवीपुरता मर्यादित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नफ्यासाठी चालणारे दुकान हे शिक्षकही नाही आणि विद्यार्थीही नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. छायाप्रतींवर बंदी घालणे हा आपला हेतू नसून विद्यापीठाने इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन या संस्थेकडून शुल्क भरून परवाना घ्यावा, असेही त्यांनी सांगितले. अनेक देशांतील विद्यापीठे असे परवाने घेतात.

प्रतिवादींच्या मते संसदेने शिक्षणासाठीचा अपवाद जाणीवपूर्वक व्यापक ठेवला आहे. जेथे मर्यादा हवी होती तेथे ती कायद्यात स्पष्टपणे लिहिली आहे. विद्यार्थ्याने ग्रंथालयातील पुस्तकाची प्रत स्वतः काढणे कायदेशीर असेल, तर तेच काम त्याच्या वतीने दुसऱ्याने केल्याने बेकायदेशीर होत नाही. परवान्याचे शुल्क अखेर विद्यार्थ्यांकडूनच वसूल होईल, ही त्यांची व्यावहारिक हरकत होती.

एकसदस्यीय पीठाचा निकाल

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रताधिकार हा नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नाही. ज्ञान व कलांच्या वाढीला चालना मिळून समाजाचा लाभ व्हावा, यासाठी कायद्याने तो निर्माण केलेला आहे, अशी भूमिका त्यांनी निकालपत्रात मांडली. छायाप्रत काढणे हे कलम १४ नुसार पुनरुत्पादनच आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र कलम ५२ मधील अपवादात बसणारी कृती मुळात भंगच ठरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

‘अध्यापनाचा ओघ’ म्हणजे केवळ वर्गातील तास नव्हे. अभ्यासक्रम व वाचनसूची ठरवणे, तासापूर्वीची तयारी आणि तासानंतरचे वाचन या सर्वांचा त्यात समावेश होतो, असा अर्थ न्यायालयाने लावला. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून पुस्तकांतील मजकूर हाताने उतरवून घेत. आता ते यंत्राने किंवा मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने त्याची प्रत घेऊ शकतात. साधन बदलल्याने कृतीचे कायदेशीर स्वरूप बदलत नाही, असा त्यांचा तर्क होता. विद्यापीठाने स्वतःच्या ग्रंथालयात यंत्र बसवून जे काम केले असते, तेच बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतल्यानेही फरक पडत नाही, असे त्यांनी नमूद केले. आंतरराष्ट्रीय करारांच्या प्रश्नावर, बर्न करार व ट्रिप्स करार यांनी शैक्षणिक अपवादांची व्याप्ती ठरवण्यास सदस्य देशांना वाव दिलेला आहे, असे निकालपत्रात म्हटले आहे.

खंडपीठाचा निकाल

प्रकाशकांच्या अपिलावर न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग व न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. कायद्याच्या अर्थाबाबत त्यांनी मुख्यतः आधीच्या निकालाचीच बाजू घेतली. कलमातील ‘शिक्षक’ व ‘विद्यार्थी’ या एकवचनी शब्दांत अनेकवचनही अभिप्रेत आहे, मध्यस्थाकडून प्रती काढून घेण्यास हरकत नाही आणि प्रतींच्या संख्येवर कायद्यात बंधन नाही, असे खंडपीठाने ठरवले. शिक्षणाचा प्रसार झाल्याने दीर्घकाळात पुस्तकांची बाजारपेठ वाढते, असा विचारही निकालपत्रात आला आहे.

एका मुद्द्यावर मात्र खंडपीठाने दावा पुन्हा सुनावणीस पाठवला. वापर न्याय्य आहे की नाही, याची कसोटी पानांची संख्या ही नसून तो मजकूर अध्यापनाच्या हेतूसाठी कितपत आवश्यक आहे, ही आहे. कोर्स पॅकमधील प्रत्येक मजकूर या कसोटीला उतरतो काय आणि काही पुस्तकांच्या संपूर्ण प्रती काढणे समर्थनीय आहे काय, हे प्रश्न वस्तुस्थितीचे असल्याने त्यांवर तज्ज्ञांची साक्ष घ्यावी, असे खंडपीठाने सांगितले. दरम्यानच्या काळासाठी मनाई हुकूम देण्यास नकार देण्यात आला. दुकानाने पुरवलेल्या कोर्स पॅकची नोंद ठेवून ती दर सहा महिन्यांनी न्यायालयात सादर करावी, एवढेच बंधन घालण्यात आले.

खटल्याची अखेर

ही सुनावणी पूर्ण झाली नाही. ९ मार्च २०१७ रोजी तिन्ही प्रकाशनसंस्थांनी खटला पुढे न चालवण्याचा निर्णय संयुक्त निवेदनाद्वारे जाहीर केला. इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशनने खंडपीठाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका दाखल केली होती. ती ९ मे २०१७ रोजी फेटाळण्यात आली. त्यामुळे खंडपीठाचा निकाल कायम राहिला. याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कलमाचा स्वतंत्र अर्थ विशद केला नाही. दिल्लीबाहेरील उच्च न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. तेथे त्याचे मूल्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहे.

इतर देशांशी तुलना

अमेरिकेत याच प्रश्नावर न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली होती. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने किंकोज या छायाप्रत दुकानांच्या साखळीविरुद्ध, तर १९९६ मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने मिशिगन डॉक्युमेंट सर्व्हिसेस या दुकानाविरुद्ध निकाल दिला. दुकानांनी विनापरवाना कोर्स पॅक विकणे हा भंग असल्याचे दोन्ही प्रकरणांत ठरले. अमेरिकी कायद्यात न्याय्य वापर ठरवताना बाजारपेठेवरील परिणामासह चार घटक तपासले जातात. भारतीय कायद्यात अध्यापनासाठी स्वतंत्र अपवाद असल्याने ही चार घटकांची कसोटी येथे लागू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाचे मत पडले.

परिणाम व टीका

या निकालामुळे विद्यापीठे, अध्यापक व छायाप्रत दुकाने यांना कोर्स पॅकसाठी कायदेशीर आधार मिळाला. प्रकरणे व लेख यांवर आधारलेल्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचा खर्च छपाईच्या खर्चाइतका मर्यादित राहिला.

प्रकाशन व्यवसायातून निकालावर टीका झाली. निश्चित मर्यादेच्या अभावी अपवादाचा गैरवापर होईल, शैक्षणिक ग्रंथांचे प्रकाशन तोट्याचे होईल आणि लेखकांचे मानधन बुडेल, असे आक्षेप घेण्यात आले. मोठ्या परदेशी संस्थांपेक्षा लहान भारतीय प्रकाशकांना याची झळ अधिक बसेल, असेही म्हटले गेले. निकालाच्या समर्थकांच्या मते कोर्स पॅक नसता तरी विद्यार्थ्यांनी हे सर्व ग्रंथ विकत घेतले नसते. त्यामुळे प्रत्येक छायाप्रत म्हणजे एक बुडालेली विक्री असे मानता येत नाही.

निकालाच्या मर्यादाही आहेत. अध्यापनाशी संबंध नसलेल्या चोरट्या आवृत्त्यांना त्यातून संरक्षण मिळत नाही. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या शाखांत संपूर्ण क्रमिक पुस्तक लागते. तेथे पुस्तकांच्या किमतीचा प्रश्न कोर्स पॅकमुळे सुटत नाही. संपूर्ण पुस्तकाच्या प्रतीचा प्रश्न सुनावणीअभावी अनिर्णित राहिला. खटला कागदी प्रतींविषयीचा असल्याने, वाचनसाहित्य संगणकीय स्वरूपात विद्यार्थ्यांना पाठवण्याच्या प्रथेवर त्यात थेट निर्णय झालेला नाही.

हे सुद्धा पहा

• प्रताधिकार अधिनियम, १९५७
• बर्न करार
• दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स
• मुक्त शैक्षणिक साधने
• राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय