वही, परवाना आणि स्कोअरशीट

जानकीपुरममध्ये नवा माणूस भेटला की दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो : "वैसे आप लोग मूल रूप से कहाँ के हैं?" लखनौच्या उत्तरेला सीतापूर रोड आणि कुर्सी रोड यांच्या मधल्या शेतजमिनीवर ही वसाहत उभी राहिली. त्यामुळे इथला जवळजवळ प्रत्येकजण कुठूनतरी आलेला आहे. बहराइच, गोंडा, हरदोई, सीतापूर, कुमाऊँ. आमच्यासारखी एखाददुसरी मराठी घरंही आहेत. प्रश्न विचारणाऱ्यालाही आपलं गाव सांगायचं असतं, म्हणून तो दुसऱ्याला आधी विचारतो.

मी हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा ऐकते तो जवळच्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला. तरुणपणी मी कॉलेजच्या संघात होते. शाळेतली नोकरी संपल्यावर गुडघ्यांनी खेळायची परवानगी दिली नाही, तेव्हा मी स्कोअररच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. टेबलामागे सिमेंटच्या तीन पायऱ्या आहेत. तिथे आमची नेहमीची मंडळी बसते. मुलींचे आईवडील, दोन-तीन जुने खेळाडू, एक निवृत्त बँक अधिकारी. हिवाळ्यात शेंगदाणे आणि काळं मीठ, उन्हाळ्यात घरून आणलेलं पाणी. खेळ चालू असताना "रिबाउंड!" म्हणून ओरडायचं आणि टाइम-आउटमध्ये गॅसचं सिलिंडर, मुलाची बदली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांबद्दल बोलायचं. हाफ-टाइम जरा मोठा असतो. त्यात माणसं आजोबा-पणजोबांपर्यंत जातात.

माझं उत्तर मी बऱ्याच वर्षांत घासूनपुसून ठेवलेलं होतं. आमचं मूळ गाव वाईजवळचं. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला म्हणून झाशीला आले. वडील झाशीहून लखनौला आले ते केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत, प्रयोगशाळेतल्या कामासाठी. ही संस्था १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंजिल या नवाबी महालात सुरू झाली. ज्या महालात बेगमा राहिल्या, तिथे वडील काचेच्या नळ्या धुवून, मोजून ठेवत. पुढे संस्थेची नवी इमारत जानकीपुरम विस्तारात झाली, अगदी आमच्या घराजवळ. वडील म्हणत, आयुष्यभर मी सायकलने तिच्याकडे गेलो, आणि मी निवृत्त झाल्यावर ती चालत माझ्याकडे आली.

एवढं सांगितल्यावर मी वहीचा विषय काढत असे. मराठी वाचकाला वही म्हणजे काय ते सांगायला नको. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग इथले तीर्थोपाध्ये यजमानांच्या घराण्यांची नोंद ठेवतात. कोण केव्हा आलं, कुणाचं पिंडदान केलं, बरोबर कोण होतं. तरुणपणी वडिलांबरोबर नाशिकला गेले असताना मी आमचं पान पाहिलं होतं. पणजोबांची मोडीतली सही, त्याखाली आजोबांची बाळबोध सही, त्याखाली वडिलांची. पायऱ्यांवर मी हे सांगितलं की मंडळी माना डोलावत. हरिद्वार-प्रयागच्या पंड्यांकडे त्यांचीही पानं होती, म्हणून त्यांना ते लगेच कळे.

बोलण्याच्या ओघात मी इतिहासही सांगून टाकी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला येऊन राहिला आणि त्याच्या आश्रयाने बरीच मराठी कुटुंबं गंगेकाठी वसली. लखनौत १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने मॅरिस कॉलेज हे संगीताचं विद्यालय निघालं आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं चालवलं. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही. पण आता वाटतं, दर वेळी हे सांगताना मी जरा ताठ बसत होते.

एका हाफ-टाइमला बहराइचकडचे भाईसाहेब म्हणाले, "हमारे यहाँ तो एक आदमी की वही पंडे के पास नहीं, फिजी में है." त्यांच्या आजोबांचे एक चुलते तरुणपणी घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. घरात एवढंच माहीत होतं की ते 'टापू'वर गेले.

टापू म्हणजे गिरमिटियांचं बेट. ॲग्रीमेंटचं झालं गिरमिट, आणि गिरमिट केलेला तो गिरमिटिया. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक माणसं भारतातून फिजीला उसाच्या मळ्यांवर गेली. कलकत्त्याहून निघणाऱ्या जहाजांत आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली माणसं फार होती. बस्ती, गोंडा, फैजाबाद ही नावं पुन्हा पुन्हा येतात. निघताना प्रत्येकाचा परवाना तयार होई. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. मळेवाल्याला मजूर ओळखता यावा म्हणून केलेली ही नोंद. पुढे इतिहासकार ब्रिज लाल यांनी हे परवाने एकेक करून तपासले आणि त्यांतून फिजीतल्या भारतीयांच्या मुळांचा इतिहास उभा केला. त्यांचे स्वतःचे आजोबा बहराइच जिल्ह्यातून गेलेले गिरमिटिया होते. आमच्या भाईसाहेबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा शेंगदाणे सोलणारा हात थांबला.

मराठी माणसांचाही असाच एक भाग आहे. १८३४ पासून मॉरिशसला मजूर जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसं होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर ती उतरली. आज त्यांचे वंशज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदींतून पूर्वज शोधतात. वाईजवळच्या माझ्या पणजोबांनी नाशिकला जाऊन स्वतःच्या हाताने सही केली. त्याच काळात रत्नागिरीकडच्या कुणा मजुराचं नाव गोऱ्या कारकुनाने जसं कानावर पडलं तसं उतरवलं. एकाचं नाव श्रद्धेने राहिलं, दुसऱ्याचं हिशेबासाठी.

त्या रात्री एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गिरमिटिया बायकांचे परवाने वेगळे असत. फिजीच्या जहाजांवर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियम होता, आणि त्या बाईच्या कागदावर तिचं स्वतःचं नाव असे. आमच्या नाशिकच्या पानावर पणजी आहे ती पणजोबांची भार्या म्हणून. माझ्या आत्या त्या पानावर नाहीत. मीही नाही. वडिलांबरोबर मी गेले होते, पान माझ्या हातात होतं, पण सही भावाची झाली आणि तेव्हा ते मला खटकलंही नाही. ज्या वहीचा मी एवढा तोरा मिरवला, तिच्या लेखी मी नव्हतेच.

तरीही मी सुधारले नव्हते. पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या संघातली एक गार्ड, बुटकी पण फार चपळ. तिचे वडील बस चालवतात आणि सुट्टी मिळाली की शेवटच्या पायरीवर येऊन बसतात. त्या दिवशी गावांची चर्चा रंगली होती. मी मागे वळून त्यांना विचारलं, "भैया, आप लोग कहाँ के हैं?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मी पुढे विचारलं, "और पूरा नाम?" ते हसले, म्हणाले, "बस यही है, दीदी," आणि चहा बघतो म्हणून उठून गेले. चहावाला तर समोरच उभा होता.

उत्तर प्रदेशात पूर्ण नाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, ते मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आडनाव न लावणारी, 'कुमार' किंवा 'कुमारी' एवढंच लावणारी कितीतरी मुलं मी वर्गात शिकवली. आडनाव का नाही, हे त्यांना विचारायचं नसतं, हे मी नव्या शिक्षकांना समजावून सांगत असे. कोर्टाच्या कडेला बसून मात्र मीच ते विचारलं, आणि तेही वंशावळीच्या गप्पांच्या आडून. वडील त्यानंतरच्या दोन सामन्यांना आले नाहीत. त्यांना खरंच सुट्टी नसेलही. पण मला झोप लागली नाही.

मग मी या खेळाचीच कुळकथा आठवून पाहिली. जेम्स नायस्मिथ १८६१ साली कॅनडात स्कॉटिश स्थलांतरितांच्या घरात जन्मला आणि नवव्या वर्षी विषमज्वराने आईबाप गेल्यावर मामाकडे वाढला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे त्याने तेरा नियम लिहिले, व्यायामशाळेच्या सज्ज्याला पीचच्या टोपल्या टांगल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. त्या अठरांत इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीही होता. थोड्याच काळात शेजारच्या गावी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींना शिकवला. ती लिथुआनियाकडून आलेल्या ज्यू कुटुंबातली. घराचं मूळ आडनाव वाल्व्रोयेन्स्की होतं, ते अमेरिकेत आल्यावर टाकून दिलं होतं. १८९३ मध्ये तिच्या मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत सोडलं नाही. नायस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला. त्या विद्यापीठाचे चाहते आज हा वारसा घराण्याच्या नावासारखा सांगतात, पण त्यांच्या पहिल्या प्रशिक्षकाच्या, म्हणजे खुद्द नायस्मिथच्या, खाती विजयांपेक्षा पराभव जास्त आहेत.

भारतात हा खेळ वायएमसीएच्या वाटेने रुजला. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात १९३२ मध्ये तसंच विद्यालय सुरू झालं. आणि ज्या काशीत आमच्या लोकांच्या वह्या आहेत, त्याच काशीतल्या एका घरातल्या बहिणी, दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा सिंह, भारताच्या संघातून खेळल्या. प्रशांतीला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

माझ्या समोरच्या स्कोअरशीटवर खेळाडूचं नाव, जर्सीचा आकडा आणि फाउलांची पाच घरं असतात. बापाचं नाव नाही, गाव नाही. साधी बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांची झाली तर खेळाडूच्या आकड्याभोवती गोल. चौथ्या फाउलनंतर जरा सांभाळून, पाचव्याला बाहेर, मग ती कुणाचीही लेक असो. सामना संपला की रेफरी सही करतो. हा कागद तासा-दीड तासात घडलेल्या गोष्टींपलीकडे काही विचारत नाही, म्हणूनच तो मला आवडतो. पण त्याचंही एक उणं आहे. वही शंभर वर्षं लाल फडक्यात राहते, परवाने सरकारी दप्तरात राहिले, स्कोअरशीट मात्र सत्र संपलं की रद्दीत जाते. मी कॉलेजात असताना ज्या कागदांवर माझं नाव होतं, त्यांतला एकही आज कुठे नाही. वहीत मला जागा नव्हती आणि जिथे होती तो कागद कुणी ठेवला नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यापासून मी प्रत्येक सामन्याची एक प्रत घरी आणते आणि तारीख घालून फाइलला लावते. भाईसाहेबांनी फाइलसाठी पुठ्ठे दिले. गावांच्या गप्पा अजून चालतात, भाईसाहेब मोबाइलवर फिजीची नावं शोधत असतात. आता कुणी आपणहून सांगितलं तर मी ऐकते. दुसरा प्रश्न विचारत नाही.

त्या गार्डचे वडील परत आले ते फेब्रुवारीत. मी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी करून त्यांना टेबलाशी बसवलं आणि शॉट-क्लॉकचं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. सामन्याआधी नावं भरताना मी मुलीला विचारलं, नाव कसं लिहू? तिने फक्त तिचं नाव सांगितलं आणि विचारलं, "मैम, इतना चलेगा?" मी म्हटलं, "चलेगा." वडील कागदाकडे बघत होते. मी ते नाव ठळक लिहिलं आणि पेन पुढच्या मुलीच्या नावावर नेलं.