मोटारीची पन्हळ : सायकल वाहून नेण्याचा आणि पत्रा जपण्याचा इतिहास

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावर अनेक दशके एक लोखंडी कॅरिअर असे. पाहुण्यांच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, प्रसंगी एखादी सायकलही त्यावर दोरीने आवळली जाई. या कॅरिअरसाठी टपाला भोक पाडावे लागत नसे आणि टपाच्या मधल्या पत्र्यावर त्याचा भारही येत नसे. त्याचे पाय टेकलेले असत ते टपाच्या दोन्ही कडांनी गेलेल्या बोटभर रुंद पन्हळीत. मोटारीवरून सायकल कशी न्यावी आणि ती नेताना मोटार खराब का होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पन्हळीच्या इतिहासात दडलेली आहेत.

ही पन्हळ शोभेसाठी नव्हती. टपाचा पत्रा आणि बाजूची चौकट यांच्या कडा बाहेर वळवून एकमेकींना वेल्ड केल्या जात. दोन-तीन पत्रे एकत्र आल्यामुळे ती कड बळकट होई आणि पावसाचे पाणी दारावर न ओघळता तिच्यातून वाहून जाई. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून कुर्ल्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची ‘प्रीमिअर पद्मिनी’, असो की युरोप-अमेरिकेतील बहुतेक मोटारी असोत, ही कड सर्वत्र जवळपास सारखीच होती. त्यामुळे कॅरिअर बनवणाऱ्याला मोटारीचे नाव विचारण्याची गरज नव्हती. ‘युनिव्हर्सल’ हा शब्द तेव्हा खऱ्या अर्थाने खरा होता.

या सोयीवर उद्योग उभे राहिले. स्वीडनमध्ये १९४२ साली एरिक थुलिन यांनी ‘थुले’ नावाने मासेमारांसाठी पाइक मासा पकडण्याचे सापळे विकायला सुरुवात केली. हीच कंपनी १९६०च्या दशकात मोटारीच्या टपावरील वाहकांकडे वळली. आधी बर्फावरच्या स्की आणि मग सायकली, असा तिथल्या टपाचा प्रवास झाला.

सायकलींची खरी लाट मात्र अमेरिकेत आली. १९७०च्या सुमारास दहा गिअरच्या हलक्या सायकली प्रौढांनीही विकत घ्यायला सुरुवात केली. १९७३ साली तिथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या आणि ती दोन-तीन वर्षे सायकलींची विक्री मोटारींच्या विक्रीहूनही अधिक होती. पण उपनगरात राहणाऱ्या माणसाला निवांत रस्ता गाठायचा तर आधी मोटारच काढावी लागे. सायकल चालवण्यासाठी सायकल मोटारीवर लादावी लागणे, हा विरोधाभास त्या पिढीला फारसा खटकलेला दिसत नाही.

याच काळात डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक घरोघरी पोहोचला. तो स्वस्त होता, हलका होता आणि घडी करून ठेवता येई. डिकीच्या झाकणाच्या कडांना आकडे अडकवायचे, पट्टे ताणायचे आणि रबरी पाय पत्र्यावर टेकवायचे, एवढेच काम. मोटारीला सर्वाधिक इजा याच रॅकने केली, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. कडेला तो आतल्या पत्र्यावर दुमडलेला असल्याने ताकद तिथे असते, मध्यभागी नसते. रॅकचा पाय मध्यभागी टेकला की खोक पडते. ओरखड्याचे कारण तर त्याहून साधे आहे. रबर रंग खरवडत नाही. रबर आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ खरवडते. शंभर किलोमीटरच्या थरथराटात ती पॉलिशपेपरचे काम करते. म्हणून रॅक लावण्याआधी पत्रा आणि रबरी पाय दोन्ही धुवावेत, थोडे अंतर गेल्यावर सैल झालेले पट्टे पुन्हा ताणावेत आणि सायकलचे पॅडल पत्र्याला लागू नये म्हणून क्रँक बांधून ठेवावा, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

पूर्वी मागचा बंपर पोलादी पट्टीचा असे. रॅकचा आकडा तिथे निर्धास्त अडकवता येई. अमेरिकेने १९७३च्या मोटारींपासून मंद गतीच्या धडकेसाठी बंपरचे नियम लागू केले. पुढच्या वर्षांत पोलादी पट्टी हळूहळू प्लास्टिकच्या आवरणाआड गेली. आकडा अडकवायची जागा दिसेनाशी झाली, आणि जी दिसत होती ती भार पेलणारी उरली नाही.

मोठा घाव पुढे होता. ऑक्टोबर १९७३च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणे ही मोटार-उद्योगाची निकड झाली. वाऱ्याला अडवणारी प्रत्येक उंचसखल जागा आता शत्रू ठरली, आणि टपाची पन्हळ त्यांत आलीच. १९८२ची ‘ऑडी १००’ अवघ्या ०.३० इतक्या वायुरोध-गुणांकासाठी गाजली. तिच्या काचासुद्धा पत्र्याशी सपाट बसवलेल्या होत्या. दशकभरात नव्या मोटारींच्या कडा गुळगुळीत झाल्या. ज्या संकटाने काही काळ सायकलीचे महत्त्व वाढवले, त्यानेच तिची टपावरची बैठक काढून घेतली.

रॅकवाल्यांना मग प्रत्येक मोटारीसाठी वेगळा पाय घडवावा लागला. दाराच्या चौकटीत अडकणारी पोलादी क्लिप आणि टपाच्या वळणाला जुळणारी रबरी गादी, असा संच मोटारीचे नाव आणि वर्ष पाहून निवडायची पद्धत रूढ झाली. ‘जवळपास बसतो’ म्हणून दुसऱ्या मोटारीचा संच वापरला की क्लिप रंग उडवते, दाराचे रबर चेपते आणि पाऊस आत येतो. हॅचबॅकने डिकीवाल्या रॅकची तर आणखी पंचाईत केली. काचेची किंवा प्लास्टिकची कड आणि वर नाजूक स्पॉयलर असेल, तर ताणलेला पट्टा तडा पाडू शकतो.

पत्र्याला मुळीच न शिवणारा मार्ग म्हणजे टो-बारवरचा रॅक. युरोपात तो ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो, तर अमेरिकेत चौकोनी नळीत. इथे प्रश्न पत्र्याचा नाही, वजनाचा आहे. लहान मोटारींच्या गोळ्यावर उभा भार बहुधा ५० ते ७५ किलोच चालतो. दोन विजेच्या सायकली आणि रॅक मिळून ही मर्यादा सहज गाठतात. टपाचीही अशीच मर्यादा मोटारीच्या पुस्तिकेत छापलेली असते, आणि तिच्यात रॅकचे स्वतःचे वजनही धरायचे असते. हे पान उघडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

भारतात टो-बार विरळाच. त्यामुळे सह्याद्रीतल्या घाटांपर्यंत सायकल नेणारा पुण्या-मुंबईचा माणूस बहुधा डिकी किंवा टप यांतूनच निवड करतो, आणि दुकानातल्या खोक्यावर तोच जुना शब्द वाचतो : ‘युनिव्हर्सल’. ज्या पन्हळीने त्या शब्दाला अर्थ दिला, ती मात्र पूर्णपणे नष्ट झालेली नाही. आजच्या अनेक मोटारींच्या टपावर दोन काळ्या पट्ट्या पुढून मागे गेलेल्या दिसतात. टप आणि बाजूची चौकट अजूनही तिथेच, त्या पट्ट्यांखालच्या खाचेत जोडलेली असते. काही मोटारींत त्याच खाचेत कारखान्यातूनच आटे पाडलेले बिंदू दिलेले असतात, रॅकचे पाय स्क्रूने घट्ट बसवण्यासाठी.