कणगणक, हवेतील

कणगणक, हवेतील : हवेच्या ठराविक घनफळात तरंगत असलेल्या सूक्ष्म घन वा द्रव कणांची संख्या आणि बहुधा त्यांचे आकारमानही ठरविणारे उपकरण. या कणांचे आकारमान मायक्रॉन या एककात सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग होय. मानवी केसाची जाडी सु. ७० मायक्रॉन असते, तर कणगणकाने मोजले जाणारे बहुतेक कण १० मायक्रॉनांहून लहान असतात. औषधे व अर्धसंवाहक घटक यांचे कारखाने, शस्त्रक्रियागृहे, खाणी आणि शहरांतील हवा यांच्या तपासणीत ही उपकरणे वापरतात. कोणताही कणगणक हवेतील सर्व कण मोजत नाही. त्याच्या कार्यतत्त्वाच्या आवाक्यात येणारे कणच तो मोजतो. त्यामुळे एका गणकाने निर्मळ ठरविलेली हवा दुसऱ्याच्या मते धुळीने भरलेली असू शकते. ही मर्यादा कशी उद्‌भवली हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

आरंभ : अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या कवडशात धूळ नाचताना दिसते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. जॉन टिंड्‌ल (१८२०–९३) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आविष्काराचा पद्धतशीर अभ्यास केला आणि पूर्णतः धूळविरहित हवेत प्रकाशशलाका दिसत नाही, हे दाखविले. फ्रान्समध्ये १८७५ साली पॉल झां कूल्ये यांना असे आढळले की, गाळून घेतलेल्या दमट हवेत धुके सहजासहजी तयार होत नाही. स्कॉटिश वैज्ञानिक जॉन एटकिन (१८३९–१९१९) हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षास आले. पाण्याच्या वाफेला द्रवरूप होण्यासाठी सूक्ष्म कणाचा आधार लागतो, म्हणजेच प्रत्येक धुलिकण एका जलबिंदूचे केंद्रक बनू शकतो.

या तत्त्वावर एटकिन यांनी १८८८ साली आपला धूळगणक प्रसिद्ध केला. त्यात तपासावयाच्या हवेचा लहानसा नमुना गाळलेल्या दमट हवेत मिसळून पंपाच्या साहाय्याने एकदम प्रसरण पावू देत. प्रसरणाने हवा थंड होऊन प्रत्येक कणाभोवती बिंदू तयार होई. हे बिंदू चौकोन आखलेल्या चकचकीत पट्टिकेवर पडत व भिंगातून पाहून ते मोजता येत. मोजणीचे निष्कर्ष अनपेक्षित होते. पावसात बाहेरच्या हवेत दर घ. सेंमी. मध्ये सु. ३२,०००, कोरड्या दिवसात सु. १,३०,००० आणि बंद खोलीतील हवेत सु. १८,६०,००० कण आढळले. डोळ्यांना स्वच्छ वाटणारी घरातील हवा ही रस्त्यावरील हवेहून कितीतरी अधिक कणयुक्त होती. मात्र कण मोठा असो वा अतिसूक्ष्म, त्यापासून होणारा बिंदू जवळजवळ सारखाच असल्याने कणांचे आकारमान या गणकास सांगता येत नसे. याच विषयाच्या ओघात सी. टी. आर्. विल्सन यांनी १८९४ नंतर प्रयोग केले व त्यांतून अणुकेंद्रीय संशोधनास उपयोगी पडलेली मेघपेटी सिद्ध झाली.

खाणींतील धूळ : दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड भागातील सोन्याच्या खाणींत क्वॉर्ट्‌झयुक्त खडक फोडताना उडणाऱ्या धुळीमुळे असंख्य कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडत असे. तेथे १९१६ साली रॉबर्ट कोट्‌झे यांनी कोनिमीटर हे सुटसुटीत उपकरण तयार केले. त्यात स्प्रिंगेच्या दट्ट्याने हवेचा छोटा झोत चिकट लेप दिलेल्या काचेवर आदळवीत आणि काचेवर चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. खाणीत प्रत्यक्ष कामाच्या जागी धूळ मोजता येऊ लागली, हा मोठा लाभ होता. पण घेतलेला नमुना एका क्षणाचाच असे, मोजणी मोजणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राही आणि संख्येवरून रोगाच्या धोक्याचा अंदाज नेहमीच बरोबर येत नसे. फुप्फुसात खोलवर पोहोचणाऱ्या धुळीचे एकूण द्रव्यमान व तिच्यातील सिलिकेचे प्रमाण हे धोक्याचे अधिक चांगले निदर्शक आहेत, असे पुढे मानले जाऊ लागले. जोहॅनिसबर्ग येथे १९५९ साली भरलेल्या परिषदेत अशा श्वसनीय धुळीची व्याख्या स्वीकारण्यात आली. कण मोजावेत की त्यांचे वजन करावे, हा प्रश्न येथे प्रथम ठळकपणे पुढे आला आणि आजही तो मिटलेला नाही.

प्रकाशीय गणक : सूक्ष्म कणावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, यास प्रकीर्णन म्हणतात. रॅली यांनी अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत आणि १९०८ साली गुस्टाफ मी यांनी कोणत्याही आकारमानाच्या गोलाकार कणाच्या बाबतीत प्रकीर्णनाचे गणित मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फ्रँक गकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणितास उपकरणाचे रूप दिले. गाळण्यांतून निसटणारे विरळ कण एकेक करून मोजणे हा त्यामागील हेतू होता. हे कार्य १९४७ साली प्रसिद्ध झाले. हवेची बारीक धार प्रकाशशलाकेतून नेतात. प्रत्येक कण जाताना प्रकाशाचा एक क्षणिक झोत उत्पन्न होतो व संवेदक त्याचे विद्युत्‌ स्पंदात रूपांतर करतो. स्पंदांच्या संख्येवरून कणांची संख्या व स्पंदाच्या उंचीवरून कणाचे आकारमान मिळते. मोजणाऱ्याच्या डोळ्याची जागा अशा रीतीने विद्युत्‌ मंडलाने घेतली. १९७० नंतर लेसर आणि पुढे अर्धसंवाहक लेसर यांच्या वापराने आणखी लहान कण मोजणे शक्य झाले व उपकरण हातात मावेल इतके लहान झाले.

स्वच्छ कक्ष : अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड (१९१९–२०१२) यांनी १९६० च्या सुमारास स्वच्छ कक्षाची नवी रचना योजली. सूक्ष्म गाळण्यांतून आलेली हवा एकाच दिशेने व समगतीने वाहू देऊन निर्माण होणारे कण सतत बाहेर ढकलावेत, ही तिची मूळ कल्पना होय. पहिल्या चाचण्यांत गणकाचे वाचन जवळजवळ शून्य आले, तेव्हा उपकरणच बिघडले असावे अशी शंका घेतली गेली. १९६३ साली अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड २०९’ या मानकाने कक्षांचे वर्ग ठरविले. दर घनफुटात ०.५ मायक्रॉन वा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त शंभर असतील, तर तो कक्ष शंभराच्या वर्गातील होय. २००१ साली हे मानक रद्द होऊन १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ १४६४४-१) त्याची जागा घेतली. या मानकातील पाचवा वर्ग साधारणपणे जुन्या शंभराच्या वर्गाशी जुळतो. त्यात ०.५ मायक्रॉन व त्याहून मोठ्या कणांची मर्यादा दर घ. मी. ला ३,५२० इतकी आहे.

याच काळात एटकिन यांचे तत्त्वही नव्या रूपात परत आले. १९७० नंतरच्या दशकात पाण्याऐवजी ब्यूटिल अल्कोहॉलाची वाफ वापरून हवेच्या अखंड प्रवाहातील कण फुगवून ते प्रकाशीय पद्धतीने मोजणारे संद्रवण-कणगणक विकसित झाले. मायक्रॉनाच्या शंभराव्या भागाहूनही लहान कण त्यांना मोजता येतात. नुसत्या प्रकाशीय गणकास असे कण दिसतच नाहीत.

शहरांतील हवा : सार्वजनिक आरोग्याची मानके मात्र वजनावर आधारलेली आहेत. भारतात २००९ साली अधिसूचित झालेल्या मानकांनुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा दर घ. मी. ला ४० मायक्रोग्रॅम आहे. गाळणकागदावर जमलेली धूळ तोलणे ही तिच्या मापनाची मूळ पद्धत होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘सफर’ या प्रकल्पाद्वारे २०१० पासून दिल्लीत व पुढे पुणे आणि मुंबई येथे हवेच्या गुणवत्तेचे अंदाज देण्यास प्रारंभ केला. अलीकडे मिळणारे स्वस्त संवेदक कणांनी विखुरलेला प्रकाश मोजून त्यावरून वजनाचा अंदाज करतात. त्यासाठी कणांची घनता व आकार गृहीत धरावे लागतात. दमट हवेत जलशोषक कण फुगून अधिक प्रकाश विखुरतात. त्यामुळे मुंबईसारख्या किनारी शहरात आर्द्रतेची दुरुस्ती न केल्यास धूळ वाढली नसतानाही वाचन वाढू शकते. उलट वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म काजळीचा बराच भाग त्यांच्या नजरेतून निसटतो.

उपकरणाची निवड : प्रथम कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे ठरवावे लागते. स्वच्छ कक्षात कण विरळ असल्याने हवा खेचण्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, वर्गाच्या मर्यादेइतके कण असताना निदान २० कण मोजले जातील एवढा नमुना घ्यावा लागतो. तिसऱ्या वर्गात ०.५ मायक्रॉनांसाठी मर्यादा दर घ. मी. ला ३५ आहे. अशा वेळी मिनिटाला २८.३ लि. हवा घेणाऱ्या गणकास सु. २० मिनिटे पुरतात, तर २.८३ लि. घेणाऱ्यास सव्वातीन तासांहून अधिक काळ लागतो. हाच मोठा गणक रस्त्यावर नेल्यास दोन-तीन कण एकाच वेळी शलाकेत येऊन एकच मोठा कण म्हणून नोंदले जातात आणि संख्या प्रत्यक्षाहून कमी भरते. लांब वा वळणदार नळीतून नमुना घेतल्यास ५ मायक्रॉनांचे कण वाटेतच नळीला चिकटतात. ज्ञात आकारमानाच्या पॉलिस्टायरिन गोलकांनी उपकरणाचे नियमित अंशांकन करणे आणि गाळलेल्या हवेत ते शून्य दाखविते की नाही हे पाहणे अत्यावश्यक असते.

यांखेरीज प्रकाशीय गणकास सजीव व निर्जीव कणांतील भेद कळत नाही. इंजेक्शनाच्या औषधांच्या कारखान्यात वा शस्त्रक्रियागृहात कणसंख्या मर्यादेत असली, तरी जंतूंची चाचणी संवर्धन-माध्यमाच्या तबकड्यांनी वेगळी करावीच लागते. कोनिमीटरवरील आकडा समाधानकारक असूनही खाणकामगाराच्या फुप्फुसाची हमी मिळत नव्हती. आजच्या गणकाच्या आकड्यालाही हेच लागू पडते : कोणत्या आकारमानाचे कण, किती हवेतून आणि कोणत्या तत्त्वाने मोजले, हे नमूद केल्यावाचून त्यास अर्थ प्राप्त होत नाही.