आठ वर्षांनीं खेळला गेलेला अंतिम सामना

टेनिसच्या इतिहासांत अजिंक्यवीरांच्या याद्या पुष्कळ आढळतात. परंतु दुखापतीनें खेळाला मुकलेला खेळाडू पुन्हां मैदानावर कसा उतरला, याची हकीकत त्या याद्यांवरून कळत नाहीं. ऑस्ट्रियाचा डावखुरा खेळाडू टॉमस मुस्टर याची कारकीर्द या दृष्टीनें श्रोत्यांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

मुस्टरचा जन्म १९६७ सालीं दक्षिण ऑस्ट्रियांतील लाइब्निट्स या गांवीं झाला. टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकीं एकींतहि एकेरीचें अजिंक्यपद त्या देशाच्या वांट्यास तोंवर आलें नव्हतें. १९८९ च्या जानेवारींत, एकविसाव्या वर्षीं, मुस्टर ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं मियामीजवळील की बिस्केन बेटावरच्या मोठ्या स्पर्धेंत फ्रान्सच्या यानिक नोआशीं त्याची गांठ पडली. पहिले दोन सेट गमावूनहि पुढील तीन त्यानें जिंकले. अंतिम सामना चेकोस्लोव्हाकियाच्या इव्हान लेंडलशीं व्हावयाचा होता.

तो सामना झालाच नाहीं. त्याच रात्रीं मुस्टर उभ्या मोटारीच्या मागें सामानापाशीं असतां दारूच्या नशेंत गाडी हांकणाऱ्या एका इसमानें त्या मोटारीस धडक दिली, आणि ती मोटार मुस्टरच्या अंगावर आदळली. डाव्या गुडघ्याचे बंध तुटले. विजयाला अजून एक दिवसहि लोटला नव्हता. लेंडलला न खेळतांच अजिंक्यपद मिळालें.

मांडीचें हाड आणि नडगी यांस जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम गुडघ्यांतील हे चिवट बंध करतात. सरळ धांवणाराला त्यांची जेवढी गरज असते, त्याहून कितीतरी अधिक गरज टेनिसपटूस असते. कारण त्याला वेगांत असतां थबकावें लागतें, क्षणांत उलट दिशेस वळावें लागतें, आणि सारा भार एका पायावर तोलून फटका मारावा लागतो. पाय जाण्याचा अर्थ काय, हें टेनिसनें पूर्वीं पाहिलें होतें. १९५३ सालीं चारहि प्रमुख स्पर्धा जिंकणारी अमेरिकेची मॉरीन कॉनोली पुढच्याच वर्षीं घोड्यावरून जात असतां मालमोटारीची धडक लागून जायबंदी झाली. त्या वेळीं तिचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. ती पुन्हां स्पर्धेंत उतरूं शकली नाहीं.

कॉनोलीच्या काळाहून मुस्टरच्या काळीं शस्त्रक्रियेचें शास्त्र खूप पुढें गेलें होतें, हें त्याचें भाग्य. व्हिएन्ना येथें त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. परंतु शस्त्रवैद्य बंध जोडून देतो. त्यांत बळ आणण्याचें काम रोग्यालाच करावें लागतें. मुस्टरनें त्यासाठीं पाय बरा होण्याची वाट पाहिली नाहीं. पाय आधारांत बांधलेला असतांनाच खास बनविलेल्या आसनावर बसून तो मैदानावर चेंडू परतवीत असे. त्या आसनावरील त्याचीं छायाचित्रें पुढें जगभर गाजलीं. पाय थांबला तरी हाताची संवय आणि नजरेचा नेम मोडूं नये, हा त्या सरावाचा लाभ होता. सुमारें सहा महिन्यांत तो पुन्हां स्पर्धेंत उतरला.

१९९० सालीं त्यानें ॲडिलेड आणि रोम येथील स्पर्धा जिंकल्या व पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेंत उपांत्य फेरी गांठली. त्याच वर्षीं डेव्हिस करंडकाच्या उपांत्य लढतींत त्यानें अमेरिकेच्या मायकेल चँग आणि आंद्रे अगासी या दोघांनाहि हरविलें. ऑस्ट्रियाचा संघ मात्र तीन विरुद्ध दोन असा हरला.

त्याच्या उत्कर्षाचें वर्ष म्हणजे १९९५. मातीच्या मैदानावर चेंडू मंद होऊन उंच उसळतो व डाव लांबतो. तेथें चपळाईइतकाच दमहि लागतो. मुस्टरचें खरें बळ या दमांत होतें. माँटे कार्लोच्या अंतिम सामन्यांत बोरिस बेकरनें पहिले दोन सेट जिंकले, चौथ्या सेटमध्यें त्याला विजयासाठीं एकच गुण हवा होता. तरी मुस्टरनें सामना फिरविला आणि शेवटचा सेट सहा विरुद्ध शून्य असा घेतला. जूनमध्यें पॅरिस येथें चँगवर मात करून त्यानें फ्रेंच अजिंक्यपद मिळविलें. त्या एका वर्षांत त्यानें बारा स्पर्धा जिंकल्या. १९९६ च्या फेब्रुवारींत जागतिक क्रमवारींत पहिलें स्थान त्याला मिळालें.

तेव्हां टीकाहि झाली. हा केवळ मातीवरचा राजा आहे, असें कित्येकांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. विंबल्डनच्या हिरवळीवर त्याला एकहि सामना कधीं जिंकतां आला नाहीं. त्याच्या एकंदर चव्वेचाळीस अजिंक्यपदांपैकीं चाळीस मातीवरचीं आहेत.

मात्र उरलेल्या चारांत एक फार मोलाचें आहे. १९९७ सालीं मुस्टर पुन्हां की बिस्केनच्या अंतिम फेरींत पोहोंचला. हें मैदान मातीचें नव्हे, कठीण पृष्ठाचें. समोर स्पेनचा सर्जी ब्रुगेरा होता. मुस्टरनें सरळ तीन सेटमध्यें सामना जिंकला. आठ वर्षांपूर्वीं राहून गेलेला अंतिम सामना अशा रीतीनें पुरा झाला.

१९९९ नंतर तो खेळापासून दूर झाला. २०१० सालीं बेचाळिसाव्या वर्षीं तो पुन्हां स्पर्धांत उतरला, तेव्हां मात्र विजय फारसे लाभले नाहींत. २०११ सालीं व्हिएन्ना येथें त्याला डॉमिनिक थीम या अठरा वर्षांच्या देशबांधवानें हरविलें. याच थीमनें २०२० सालीं अमेरिकेचें अजिंक्यपद जिंकलें. तुटलेल्या गुडघ्यावर विजय मिळविणाऱ्याला वयावर तो मिळवितां आला नाहीं, यांत नवल नाहीं.

प्रत्येक जायबंदी खेळाडू अशा निश्चयानें परत येईलच, असा निष्कर्ष या कथेवरून काढणें बरोबर होणार नाहीं. कॉनोलीची जिद्द कमी होती, असें कोण म्हणेल? दैव, वैद्यक आणि परिश्रम या तिहींचा मेळ लागतो तेव्हां असें पुनरागमन घडतें. यांपैकीं पहिलीं दोन खेळाडूच्या हातीं नसतात. तिसरें असतें, आणि पाय बांधलेल्या स्थितींत आसनावर बसून चेंडू परतविणाऱ्या मुस्टरनें तेवढेंच आपल्या हातीं घेतलें होतें.