दुभाष्याचे आसन

बहुभाषिक परिषदांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा ठराव, करार आणि सह्या करणाऱ्यांची नावे नोंदली जातात. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारा दुभाषा मात्र सहसा त्या नोंदीबाहेरच राहतो. सभागृहात तो नेमका कुठे बसत होता, हा प्रश्न तर कुणाला क्षुल्लकच वाटेल. परंतु गेल्या शंभर वर्षांत हे आसन वक्त्यापासून सतत दूर सरकत गेले आहे, आणि त्या प्रत्येक अंतराची किंमत कुणीतरी मोजली आहे. ती कहाणी येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

१९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेपर्यंत युरोपच्या राजनीतीत फ्रेंच भाषेचे वर्चस्व होते. विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांच्या आग्रहामुळे तेथे इंग्रजीला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळाले आणि दुभाष्याची गरज ठळक झाली. चार राष्ट्रप्रमुखांच्या बंद दालनात पॉल मांतू हे इतिहासकार दुभाषे म्हणून बसत. त्यांनी ठेवलेल्या टिपणांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि तो त्या वाटाघाटींचा मोलाचा पुरावा ठरला. त्या काळी वक्ता थांबल्यावर दुभाषा उठे आणि ऐकलेले भाषण दुसऱ्या भाषेत उभे करी. वक्त्याचा चेहरा, श्रोत्यांची चुळबुळ, मध्येच पडलेली शांतता हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर असे. त्या पद्धतीत दोष एकच होता, तो वेळेचा. भाषा जितक्या अधिक, तितकी सभा लांबे.

या अडचणीतून वाट निघाली ती जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेत. तेथे येणारे कामगारांचे प्रतिनिधी मुरब्बी राजदूत नव्हते. इंग्रजी किंवा फ्रेंच न येणारे त्यांत पुष्कळ होते. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन आणि अभियंता गॉर्डन फिन्ली यांच्या कल्पनेतून तयार झालेली दूरध्वनीसारखी यंत्रणा १९२० च्या दशकात तेथे वापरून पाहण्यात आली. भाषण चालू असतानाच अनुवाद चालावा, ही ती कल्पना.

तिची खरी परीक्षा झाली ती न्यूरेंबर्गला. नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ या काळातील त्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषा एकाच वेळी चालत. लेऑन दोस्तेर यांनी ही व्यवस्था उभारली होती. वक्ता फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे. तांबडा दिवा लागला की काम थांबे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की दुभाषे आरोपींच्या पिंजऱ्याशेजारीच काचेआड बसत. कानांवर यंत्र आले होते, पण डोळे अजून न्यायालयातच होते.

१९४७ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही पद्धत कायम केली. जुन्या पिढीतील काही नामवंत दुभाष्यांनी तिला विरोध केला होता. दुभाषा व्यासपीठावरून उतरून काचेच्या खोलीत गेला, तरी खिडकीतून सभागृह दिसत होते. १९५३ साली आंतरराष्ट्रीय परिषद-दुभाष्यांचा संघ स्थापन झाला आणि कामाचे तास, खोलीची रचना, ध्वनीची प्रत यांविषयीचे नियम हळूहळू ठरत गेले.

पुढचे पाऊल उपग्रहाचे. १९७६ साली युनेस्कोची परिषद नैरोबीत भरली असता ‘सिंफनी’ या उपग्रहाच्या साहाय्याने पॅरिसमधील दुभाष्यांकडून अनुवाद करून पाहण्यात आला. १९७८ साली संयुक्त राष्ट्रांनी ब्यूनस आयर्स आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान तसाच प्रयोग केला. प्रवासखर्च वाचावा हा विचार त्यामागे होता, आणि तो गैर म्हणता येणार नाही. मात्र त्यानंतरच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. पडद्यावर पाहून काम करणारा दुभाषा लवकर थकतो आणि आपण सभेपासून तुटलो आहोत असे त्याला वाटते. युरोपीय संसदेतील एका चाचणीत परीक्षकांना अनुवादाच्या दर्जात फारसा फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दर्जा टिकला होता. तो टिकवण्याचे ओझे दुभाष्याने वाहिले होते.

२०२० च्या महामारीने प्रयोगाचे रूपांतर रिवाजात केले. वक्ते घरून बोलू लागले. संस्थांचे काम थांबले नाही, हा मोठाच लाभ. परंतु दुभाष्याच्या कानाला काय मिळते, याचा विचार मागे पडला. परिषदेच्या यंत्रणेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १२५ ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पोहोचला पाहिजे. साध्या दूरध्वनीचा पल्ला सुमारे ३,४०० हर्ट्झपाशी संपतो. स्वस्त मायक्रोफोन आणि दाबून पाठवलेला आवाज यांतही व्यंजनांची धार बोथट होते. साधा श्रोता हरवलेला शब्द अंदाजाने भरून काढतो. दुभाष्याला मात्र ऐकता ऐकता बोलायचे असते. स्वतःच्या आवाजावर मात करण्यासाठी तो ध्वनी वाढवतो, आणि नेमक्या त्याच वेळी एखादी कर्कश शीळ कानात घुसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडाच्या सिनेटच्या एका समितीचे काम चालू असताना दुभाष्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपीय संसदेच्या दुभाष्यांनी दूरस्थ वक्त्यांचा अनुवाद करण्यास नकार दिला होता.

या नकारामागे यंत्राचा द्वेष आहे असे आम्हांला वाटत नाही. न्यूरेंबर्गपासून यंत्र हेच त्यांच्या व्यवसायाचे साधन आहे. त्यांचे मागणे साधे आहे. वक्त्यापुढे चांगला मायक्रोफोन असावा, त्याचा चेहरा दिसावा, कामाचे तास कमी असावेत आणि श्रवणाची काळजी घेतली जावी. पिवळा आणि तांबडा दिवा हे जे सांगत होते, तेच हे.

आणि प्रश्न केवळ त्यांच्या कानांचा नाही. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. माल्टीज किंवा एस्टोनियन भाषण पुष्कळदा आधी एका मोठ्या भाषेत आणि तिच्यातून इतर भाषांत जाते. पहिल्या दुभाष्याला शब्द ऐकू आला नाही, तर ती चूक पुढे सर्वत्र पोहोचते. अनुवाद थांबण्याच्या भीतीने एखादा प्रतिनिधी आपली भाषा सोडून मोडक्या इंग्रजीत बोलू लागला, तर सभा पुढे सरकेल. पण ज्याला इंग्रजी उत्तम येते त्याचेच म्हणणे ठसेल. एका भाषेची मक्तेदारी मोडण्यासाठी १९१९ साली दुभाष्याला आत बोलावले होते. त्याला नीट ऐकू येईल याची काळजी घेतली नाही, तर ती मक्तेदारी भाषा बदलून परत येईल, आणि तिच्याविरुद्ध कुणी ठराव मांडलाच तर तोही त्याच भाषेत मांडावा लागेल.