पेरोव्स्काइट: पळायला शिकलं, आता टिकायचं बघू

अहमदपूरकडून ऐकत असाल तर जरा शिवारात नजर टाका. विहिरीपाशी सौरपंपाची पॅनेलं दिसतील. ती सिलिकॉनची. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल बनला, तेव्हा उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायची. आजची पॅनेलं २० टक्क्यांच्या पुढं आहेत, आणि २५ वर्षांची हमी घेऊन येतात.

आजची गोष्ट मात्र त्यांच्या धाकट्या भावाची. पेरोव्स्काइट हे नाव उरल पर्वतात १८३९ साली सापडलेल्या एका खनिजाचं. तशाच रचनेचा स्फटिक प्रयोगशाळेत बनवून जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटानं २००९ मध्ये सौर सेलमध्ये वापरला. कार्यक्षमता ३.८ टक्के! शिवाय सेलमध्ये द्रव भरलेला, आणि त्यातच हा स्फटिक विरघळायचा. २०१२ मध्ये कोरिया आणि ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी द्रवाऐवजी घन थर वापरला आणि आकडा दहाच्या आसपास गेला. पुढच्या बारा वर्षांत तो २६ च्या पार!

मग शेतात का दिसत नाही? कारण ओल लागली की स्फटिक मोडतो, आणि तापला की त्यातला सेंद्रिय भाग उडून जातो. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्यात थोडं सीझियम मिसळलं. २१ टक्क्यांचा सेल २५० तास चालवल्यावरही १८ टक्क्यांवर टिकला. तेव्हा ही मोठीच बातमी होती. पण आपला हिशोब करा. दिवसाला पाच तास कडक ऊन धरलं, तर २५० तास म्हणजे ५० दिवस. २५ वर्षं म्हणजे ४५ हजार तास! त्यात आपला मे महिना आणि लगेच मृगाची ओल.

आपल्याकडं आयआयटी मुंबईत २०१० पासून सौर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथं प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटानं खाली सिलिकॉन, वर पेरोव्स्काइट अशी जोडी लावली. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो, उरलेला लाल आणि अवरक्त खालचा. २०२३ मध्ये ही जोडी २६ टक्क्यांच्या पुढं गेली.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी नव्या सेलचा विक्रम वाचलात, तर टक्के बघून लगेच हुरळून जाऊ नका. आधी विचारा, "किती तास टिकला?" कर्ज काढून पॅनेल बसवणाऱ्याला विक्रमापेक्षा त्या उत्तराची गरज जास्त आहे.