सेन्सरवरची धूळ आणि ती काढण्याची कला

फिल्मच्या कॅमेऱ्यातही धूळ शिरत असे, पण तिथे तिचा मुक्काम होत नसे. प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा कोरा भाग पुढे सरके आणि त्यावर बसलेला कण त्याच्याबरोबर रोलमध्ये गुंडाळला जाई. फिल्मच्या वाटेत वाळूचा खडा अडकला, तर मात्र रोलभर एकच लांब ओरखडा उठे. एरवी बिघडलेच तर एखाद-दुसरे चित्र बिघडे आणि त्यावरचा ठिपका नंतर बारीक कुंचल्याने झाकता येई.

विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1969 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सीसीडी या, पुढे फिल्मची जागा घेणाऱ्या, सेन्सरची कल्पना मांडली. निकॉन एफ-3 च्या शरीरावर बेतलेला कोडॅकचा 1.3 मेगापिक्सेलचा कॅमेरा 1991 मध्ये बाजारात आला, तर 1999 च्या निकॉन डी-1 पासून वृत्तपत्रांचे छायाचित्रकार झपाट्याने डिजिटलकडे वळले. आता प्रकाश झेलणारा पृष्ठभाग कायमचा एकच होता. मैदानात, रस्त्यावर, मोर्च्यात लेन्स बदलताना आत गेलेला कण तिथेच राही आणि पुढच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी डाग उमटे.

ज्याला सर्रास ‘सेन्सर साफ करणे’ म्हणतात, त्यात खुद्द सेन्सरला कुणाचा हात लागतच नाही. त्याच्यापुढे काचेसारखा पातळ फिल्टर असतो आणि धूळ त्यावर बसते. फिल्टर आणि सेन्सर यांच्यात थोडे अंतर असल्याने चित्रात कण दिसत नाही, दिसते ती त्याची सावली. एफ-2.8 सारख्या मोठ्या छिद्रावर ती पसरून विरून जाते. एफ-16 किंवा एफ-22 सारख्या लहान छिद्रावर मात्र ती गडद, गोल डाग होऊन उठते, विशेषतः निरभ्र आकाशात. म्हणून तपासणीसाठी छिद्र लहान करून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचे चित्र घेण्याची रीत पडली. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे चित्रात वर डावीकडे दिसणारा डाग, कॅमेऱ्यात समोरून पाहिले असता, खाली डावीकडे शोधावा लागतो.

कॅमेरा कंपन्यांचा सुरुवातीचा सल्ला सावध होता : हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारा, न जमल्यास कॅमेरा सेवा केंद्रात द्या. डबाबंद दाबाची हवा निषिद्ध होती, कारण डब्यातला द्रव फवाऱ्यासारखा बाहेर येऊन फिल्टरवर गोठू शकतो. निकॉन आणि कॅनन यांनी सॉफ्टवेअरचा मार्गही दिला. कोऱ्या पृष्ठभागाचे चित्र घेऊन त्यावरून डागांच्या जागा ओळखायच्या आणि संगणकात ते पुसायचे. पण रोज काम करणाऱ्याला कॅमेरा आठवडाभर सोडणे परवडत नसे. ही निकड ओळखली ती छोट्या कंपन्यांनी.

अमेरिकेतील फोटोग्राफिक सोल्यूशन्सने सेन्सरच्या रुंदीचे स्वॅब आणि मिथेनॉलचे ‘एक्लिप्स’ हे द्रावण विकायला सुरुवात केली. मिथेनॉल क्षणात उडून जाते आणि मागे थर ठेवत नाही. मात्र ते विषारी आणि ज्वलनशील असल्याने विमानप्रवासात नेता येत नाही. स्वॅबवर दोन-तीन थेंब टाकायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता एकच हलका फेरा मारायचा, स्वॅब उलटवून दुसऱ्या बाजूने परत यायचे आणि तो फेकून द्यायचा. थेंब जास्त पडले, तर कडेला ओघळ सुकून नवे डाग पडतात. तोच स्वॅब पुन्हा वापरला, तर त्यात अडकलेला कण काच खरवडतो. पुढे काही कॅमेऱ्यांच्या फिल्टरवर टिन ऑक्साइडचा लेप आला, तेव्हा त्यासाठी वेगळे द्रावण काढावे लागले. कॅनडाच्या व्हिजिबल डस्टने मोटरवर फिरणारा ब्रश आणला. तो बाहेर फिरवून त्याच्या तंतूंवर विद्युतभार आणायचा, मग थांबलेल्या ब्रशने धूळ उचलायची. सेन्सरपुढच्या आरशाच्या कप्प्यातल्या वंगणाला त्याचे टोक लागले, तर तेच तेल फिल्टरवर पसरे.

या कामातला सर्वांत मोठा धोका बॅटरीचा होता. सफाईसाठी आरसा वर आणि शटर उघडे ठेवावे लागते. मध्येच वीज संपली, तर आरसा आणि शटर हातातल्या साधनावर आदळतात. म्हणून पूर्ण भारलेली बॅटरी किंवा थेट विजेचा अडॅप्टर यांवर पुस्तिकांचा भर असे.

कॅमेऱ्यानेच आपली धूळ झटकावी, ही कल्पना ऑलिंपसने 2003 च्या ई-1 मध्ये प्रत्यक्षात आणली. सेन्सरपुढचा पारदर्शक फिल्टर सेकंदाला सुमारे तीस हजार वेळा थरथरतो आणि सुटलेले कण खालच्या चिकट पट्टीवर अडकतात. सफाईच्या इतिहासातले हे खरे वळण. 2006 मध्ये कॅनन 400-डी, सोनी अल्फा 100 आणि पेंटॅक्स के-10-डी, तर 2007 मध्ये निकॉन डी-300 आपापल्या पद्धतीने त्याच वाटेने गेले.

कोरडी धूळ थरथराटाने पडते, पण तेल पडत नाही. हे निकॉन डी-600 च्या वेळी सर्वांना कळले. 2012 च्या या कॅमेऱ्यात सेन्सरवर ठिपके साचत असल्याच्या तक्रारी वाढल्या. 2014 मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी करून शटर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. म्हणून कॅननने 2018 च्या ईओएस-आर मध्ये कॅमेरा बंद करताच शटर मिटण्याची सोय केली, पण त्या शटरची पातीही नाजूकच. एवढ्या अनुभवातून सफाईचा क्रम आता पक्का झाला आहे : आधी कॅमेऱ्याचे स्वतःचे कंपन, मग तोंड खाली धरून रबरी ब्लोअर, त्यानंतर ब्रश, आणि ओला स्वॅब सर्वांत शेवटी.